कॅमेऱ्याची नवी पाठ

आमच्या शेजारच्या किसनभावजींनी एका कॅमेऱ्याची पाठ कापून काढली आणि तिथे ट्रंकेएवढं लाकडी खोकं बसवलं. आमच्या डोंगरकडा गावात असं आधी कोणी केलं नव्हतं, आणि करायचं काही कारणही नव्हतं.

कॅमेरा त्यांच्या मेव्हण्याने मुंबईहून आणलेला, जुना. बटण दाबलं की तळहाताएवढा फोटो लगेच मिळायचा. पण त्याचा कागद संपला आणि तो नांदेडातही मिळेना. दुसऱ्या कोणी तो लेकरांना खेळायला दिला असता. भावजींनी लगेच फोटो देणारा कॅमेरा दिवाळीपासून होळीपर्यंत एकही फोटो न देणारा केला.

भावजींची पिठाची गिरणी. काळ्या मिशा पिठाने पांढऱ्याफटक, तोंडात एकच वाक्य, "बराबर बसलं पायजे." चूल असो, चप्पल असो, नाहीतर सोयरीक, त्यांच्या मते कशाचंच काही बराबर बसलेलं नसे.

मी एकदा धीर करून विचारलं, "भावजी, हे काहून करून राहिले?"

"वहिनी, खोकं जितकं लांब, तितकं तोंड मोठं. मला माझं तोंड परातीएवढं पायजे."

मला काही उमगलं नाही. दळण घेऊन आलेली माणसं विचारायची, "किसनराव, इलेक्शनला उभं राहून राहिले का?"

मला मात्र राग यायचा. त्यांच्या बायकोचे, कावेरीबाईंचे डोळे चालले होते. नांदेडच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. नाकाशी धरलेलं तेवढंच दिसे. तांदूळसुद्धा त्या नाकाला सूप लावून निवडत. घरात हे, आणि माणूस खोकी ठोकतो!

फटी त्यांनी कणकेच्या खळीने बुजवल्या. गिरणीवाल्याला दुसरं काय सुचणार? खळ उंदरांनी खाल्ली, आत उजेड शिरला, आणि फोटोचा कागद नुसता काळा निघाला. मग डांबर आलं. माझ्या छत्रीचं कापडही गेलं. हिंगोलीच्या स्टुडिओतून आणलेले कागद आता दोनच उरले होते. एक उलट्या फोटोला, एक सुलट्याला. म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

भावजी तोंडावरचं, मिशांवरचं पीठ धुऊन अंगणात बसले. भिंगावरचं झाकण मी काढायचं आणि त्यांनी डोळा मिचकावला की लावायचं. ओट्यावरून त्यांची आई बघत होती. तिच्यासमोर परका माणूस मला डोळा मारणार! मी मान खाली घातली ती घातलीच. भावजी मिचकावून थकले, शेवटी मिशी हलवू लागले.

पहिल्या कागदावर तोंड कोळशासारखं आणि मिशी पांढरी.

"पीठ राहिलं वाटतं," मी म्हटलं.

"उलटा हाय वहिनी, काळं ते पांढरं दिसतं! सुलटा यावरून निघंल," भावजी कळवळले.

दुसऱ्या दिवशी चाळणी मागायला गेले, तर कावेरीबाई उंबऱ्यात उन्हाला बसलेल्या. परातीएवढे भावजी त्यांच्या नाकाला टेकलेले.

"सासूबाईंपुढं यांच्याकडं वर मान करून कधी पाह्यलंच न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "आता पाहावं म्हणलं, तर इतकं जवळ आल्याबिगर दिसत न्हाई. अन् सासूबाई तर दिवसभर ओट्यावर. कसे येतील हे?"

त्यांनी बोट फिरवलं. "मिशी इकडून पुसली काय वं?"

मी पुन्हा मान खाली घातली.

अंगणापलीकडच्या गिरणीच्या दारात भावजी आले. आईसमोर बायकोला कसं विचारणार? मलाच म्हणाले, "वहिनी, इचारा बरं, बराबर आला का?"

कावेरीबाईंनी फोटो नाकापासून काढला नाही. "सांगा त्यायला, आता हलू नका म्हणावं."

मी सांगायच्या आधीच भावजी दारात ताठ उभे राहिले, श्वास धरून.