उंबऱ्यावरची नायिका

कर्णिककाका मालिका उभ्याने बघतात. वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत बाकी सगळे आठ वाजता टीव्हीसमोर बसतात. काका टीव्ही आणि खिडकी यांच्यामध्ये येरझारा घालतात आणि नायिकेवर ओरडतात. "अगं, निघ! दार उघडंच आहे!" भिंतीपलीकडे राहत असल्याने मला हे सगळं ऐकू येतं. हल्ली मी जाऊनच बसतो.

निवृत्तीपूर्वी ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात माल तपासायचे. सदोष माल परत पाठवायची सवय सुटलेली नाही. ही मालिका सासुरवासाविरुद्ध आहे, असं जाहिरातीत सांगतात. काकांचं मत वेगळं. "छळ थांबावा म्हणे! थांबला तर उद्या दाखवणार काय? रिजेक्ट!" वाहिनीला ते रोज फोन करतात. तिथली मुलगी त्यांना आवाजावरून ओळखते. "काका, ती घर कधी सोडणार, मला पण नाही सांगत हो कोणी."

मी एकदा म्हटलं, "एवढा त्रास होतो, तर बंद करा ना."

"माधुरी बघते," ते म्हणाले.

माधुरी त्यांची एकुलती एक मुलगी, टिटवाळ्याला दिलेली. तिच्या सासरी माहेरचा फोन स्पीकरवर लावायची पद्धत आहे. सासू शेजारी बसून ऐकते. त्यामुळे बापलेक फक्त मालिकेवर बोलतात. काकांचाही फोन स्पीकरवरच असतो, मला ऐकू येतं.

"आज कशी होती गं ती?"

"जेवली नाही, बाबा."

त्या भागात जेवणाचा प्रसंगच नव्हता. मी पाहिला होता.

मागच्या आठवड्यात नायिका बॅग घेऊन उंबऱ्यावर आली आणि पुढचे सगळे भाग तिथेच उभी राहिली. काकांच्या येरझारा वाढल्या, चहा निवत राहिला. शुक्रवारी ती वळली आणि तिने सासूचे पाय धरले. सनई वाजली. लगेच एक हसरी निवेदिका आली: सासूबाईंसोबतचा फोटो पाठवा, कुकर जिंका.

काका जागच्या जागी थांबले. फोन वाजला. बोलली ती माधुरीची सासू.

"पाहिलंत ना, व्याहीबुवा? शेवटी शहाणी झाली पोर."

काकांनी टीव्ही बंद केला. "विहीणबाई, मी माधुरीला न्यायला येतोय. आत्ता."

पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मग माधुरी बोलली, फोन तोंडाशी धरून, हळू.

"बाबा, घरी नका येऊ. स्टेशनवर थांबा. मी निघालेय."