एकटाकी कवीची खाडाखोड

कवींनी फोन खाली ठेवला आणि कपाट उघडलं. कपाटात त्यांचे छापील कवितासंग्रह होते, सन्मानचिन्हं होती, एक बंद पडलेलं घड्याळ होतं. पण ज्यासाठी कपाट उघडलं ते मात्र औषधालाही नव्हतं.

विद्यापीठाच्या हस्तलिखित विभागातल्या बाई गुरुवारी घरी येणार होत्या. लेखक-कलावंतांची खासगी कागदपत्रं तो विभाग जपून ठेवतो: पत्रं, रोजनिशा, टिपणं, आणि विशेषतः कवितांचे कच्चे खर्डे. कागदाला कसर लागू नये, दमट हवा बाधू नये, म्हणून तिथे बारा महिने गार हवा सोडलेली असते. कवींच्या स्वतःच्या डोक्यावरचा पंखा ऐन उन्हाळ्यात कुरकुरत थांबायचा. त्यांच्या कवितेला मात्र अशी थंड, अंधारी, निवांत अमरता मिळणार होती. पलीकडच्या गल्लीतल्या नाटककाराचे कागद गेल्याच वर्षी तिथे गेले होते. तेव्हापासून तो फिरायला भेटला, की आपल्या खोक्यांची खुशाली अशी सांगायचा, जणू लेकी चांगल्या घरी पडल्या आहेत.

"खाडाखोड असलेले कागद हवेत," बाई फोनवर म्हणाल्या होत्या. "छापील काय, कुठेही मिळतं. कवी अडला कुठे, ते आम्हाला बघायचं असतं."

नेमकी तिथेच गोम होती. कवी एकटाकी म्हणून प्रसिद्ध होते. तरुणपणी एका मुलाखतीत ते बोलून गेले होते, की कविता माझ्याकडे पूर्ण होऊनच येते, मी फक्त दार उघडतो. वाक्य गाजलं, आणि मग ते निभावणं आलं. वास्तविक एकेका शब्दासाठी ते जेरीस येत, कागदावर कागद खराब करत. पण कविता उतरली, की सगळे खर्डे बारीक फाडून टाकत आणि वळणदार अक्षरातली एकच निष्कलंक प्रत मागे ठेवत. चोराने निघताना बोटांचे ठसे पुसावेत, तसं ते आयुष्यभर स्वतःच्या घरात वावरले होते. आता विद्यापीठाला नेमके ते ठसे हवे होते.

हे गुपित फक्त पत्नीला ठाऊक होतं, कारण ते कपटे तिनेच झाडले होते.

"एखादा तरी राहिला असेल," कवी म्हणाले. "कधीतरी तूच जपून ठेवला असशील."

"मी?" पत्नीने चष्म्यावरून पाहिलं. "अहो, लग्न होऊन आले तेव्हा वाटलं, तुम्ही कुणाची तरी पत्रं फाडताय. दोन-चारदा तुकडे जुळवून पाहिले. नुसत्या संध्याकाळी निघाल्या. त्या कशाला ठेवतेय मी?"

मग कवींनी एक युक्तिवाद मांडला. खर्डे होते हे तर खरं. जे खरोखर होतं ते पुन्हा लिहून काढलं, तर त्याला खोटं म्हणायचं का? पत्नी म्हणाली, की मला विचारताय म्हणजे उत्तर तुम्हाला माहीत आहे. तरीही आपल्या नोकरीच्या काळातल्या कोऱ्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तिनेच माळ्यावरून काढून दिला. त्यांवरचा शाळेचा छापील मथळा कापावा लागला, कारण ती शाळाच कवितांनंतर जन्मली होती. शाईचा पेन धुऊन भरला. कवी टेबलाशी बसले, आणि तिथे पहिली अडचण उभी राहिली.

वाईट ओळ सुचेना. उमेदीच्या काळात अशा ओळी न बोलावता झुंडीने येत. आता सन्मानाने निमंत्रण दिलं, तर एकही फिरकेना. शेवटी त्यांनी आपली सर्वांत गाजलेली कविता समोर घेतली. ती पाठ्यपुस्तकात होती, आणि कित्येक पिढ्यांनी ती गुणांसाठी का होईना, पाठ केली होती.

संध्याकाळ दारात उभी राहते,
घर चुकलेल्या पाहुण्यासारखी.

बराच वेळ पेनचं टोपण चावून त्यांनी 'पाहुण्यासारखी'च्या जागी 'घरधन्यासारखी' असं लिहिलं, मग ते झोकात आडवं खोडलं आणि वर मूळ शब्द घातला. खोडताना हाताला जुनी लय सापडली. दुपार कलेपर्यंत सगळा गठ्ठा खाडाखोडीने भरला.

कागद मात्र कालचे वाटत होते. त्यावर चहाचा इलाज पत्नीने सुचवला. सकाळच्या उरलेल्या चहात एकेक पान बुडवून तिने ते गॅलरीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगलं. पिवळट पानांची ती रांग उन्हात हलू लागली, तेव्हा कवींना आपलंच तारुण्य वाळत घातल्यासारखं वाटलं आणि क्षणभर भरून आलं. एवढ्यात वारा सुटला. एक चिमटा सैल निघाला, आणि पाठ्यपुस्तकातली ती संध्याकाळ तरंगत खालच्या गॅलरीत उतरली.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहत. कवींच्या घरी त्यांना नुसतं 'खालचे' म्हणत. त्यांची हयात पूल बांधण्यात गेली होती. कवितेशी त्यांचं कधी भांडण नव्हतं, कारण ओळखच नव्हती. थोड्या वेळाने तो कागद दोन बोटांत धरून खालचे वर आले.

"तुमचा दिसतोय. ओला आहे जरा. चहा सांडला वाटतं."

कवींनी आभार मानून हात पुढे केला. खालच्यांनी कागद सोडला नाही.

"एक विचारू? ही ओळ का खोडलीत?"

"कच्ची होती ती."

"मला तर तीच पक्की वाटते. पाहुण्याने घर चुकलं तर काय, कुणालाही पत्ता विचारील. पण घरधनीच चुकला, तर बिचाऱ्याने कुठल्या दारात जाऊन विचारायचं?"

कवींनी त्यांना प्रतिमा, सूचकता आणि आशयाचा तोल यांविषयी बरंच काही सांगितलं. खालच्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तडा गेलेल्या खांबाकडे पाहावं तसं त्या ओळीकडे पाहिलं. "भार त्या शब्दावर आहे हो," ते हळहळत म्हणाले, "आणि तुम्ही तोच काढून घेतलात." जाताना त्यांनी तुमचं पुस्तक कुठल्या दुकानात मिळतं, हे विचारून घेतलं.

जेवताना कवींचा घास हातातच राहिला. "पाहुणा की घरधनी?" त्यांनी अचानक विचारलं.

"घरधनी," मान वर न करता पत्नी म्हणाली. "इतकी वर्षं दार मीच उघडतेय की."

खोटं बोलायला तोंड उघडावं आणि खरं निसटून जावं, तशी त्यांची गत झाली होती. मुद्दाम रचलेली वाईट ओळ चांगली निघाली होती, आणि चांगली म्हणून जी मुलांनी घोकली, ती आता त्यांच्याकडे अनोळखी पाहुण्यासारखी टकमक पाहत होती.

गुरुवारी बाई आल्या. आवाज मृदू, पावलं मृदू. आजाऱ्याच्या खोलीत वावरायची सवय असलेल्या माणसासारख्या. कवींनी फायलीत लावलेला गठ्ठा त्यांच्या पुढ्यात ठेवला. बाईंनी फीत सोडली, पहिलं पान उचललं, आणि त्याखालून मुंग्या निघाल्या. त्या घाईत नव्हत्या. खोडलेल्या ओळीवरून, टेबलाच्या कडेने, बाईंच्या भिंगाला वळसा घालून त्यांची रांग शिस्तीत चालू लागली.

बाईंनी कागद नाकाजवळ नेला.

"चहात साखर होती?"

कवी खिडकीबाहेर पाहू लागले. उत्तर दारातून पत्नीने दिलं. "उरलेला होता हो. तेवढ्यासाठी वेगळा कुठे करत बसू?"

"बहुतेक जण बिनसाखरेचा वापरतात," बाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. असं अधूनमधून होतंच, त्या समजुतीने सांगू लागल्या; मध्यंतरी एका गृहस्थांनी तर कॉफी वापरली होती, पण त्यांचं बाकीचं सगळं अस्सल निघालं, म्हणून निभावलं. नाव सांगायची आमच्यात पद्धत नाही. पलीकडच्या गल्लीत कॉफी कोण पितं हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

"दुसरं काही आहे का?" बाईंनी विचारलं. "एखादं चिटोरंसुद्धा चालेल."

कवींनी मान हलवली, आणि मग आयुष्यात प्रथमच परक्या माणसापुढे खरं सांगितलं. होतं, पुष्कळ होतं, सगळं फाडलं. हे ऐकून बाईंचा चेहरा असा उतरला, की खोट्या गठ्ठ्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं हे कवींच्या लक्षात आलं. कुणीतरी आपल्या त्या कपट्यांसाठी शोक करत होतं. केराबरोबर गेलेल्या त्या अर्ध्यामुर्ध्या, तोंडावर रेघ ओढलेल्या ओळी आज प्रथमच कवींनाही आठवू लागल्या, आणि आपण कुणाला घराबाहेर काढलं, हे त्यांना कळलं.

बाई फाईल बांधू लागल्या, तोच घंटा वाजली. खालचे होते. त्यांच्या काखेत कवींचा नवा कोरा संग्रह होता आणि कानावर पेन्सिल.

"सवड आहे का? बाकीच्याही पाहून ठेवल्यात."

समासात बारीक, सरळ अक्षरात टिपणं होती. बाईंचे हात फितीवरच थबकले. ही प्रत नंतर आम्हाला द्याल का, असं त्यांनी हळूच विचारलं. आधी यांचं ऐकून घेऊ, मग खुशाल न्या, असं खालचे म्हणाले. कवींचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. पहिल्याच कवितेशेजारी त्यांना दिसलं होतं: 'मौन तीनदा. एक भार घेतं. बाकीचे टेकू.'

"टेकू?" कवी म्हणाले.

"काढून बघा. कविता पडत नाही."

कवींनी पेन ओढला आणि टिपणाखाली तावातावाने लिहिलं: 'पहिलं मौन तिचं. दुसरं त्याचं.'

"आणि तिसरं?" खालच्यांनी विचारलं.

'तिसरं घराचं,' कवींनी लिहिलं. त्याकडे पाहिलं. खोडलं. 'तिसरं दोघांमधलं.' तेही खोडलं. मग ते ओठांतल्या ओठांत ओळ पुटपुटत राहिले, एकदा, पुन्हा एकदा, आणि समोर तीन माणसं बसली आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी पेन समासातून कवितेत नेला आणि तिसऱ्या मौनावरून एक आडवी, ओली रेघ ओढली.

खालच्यांनी समाधानाने मान डोलावली आणि पान उलटायला हात घातला. तो हात बाईंनी वरच्या वर धरला.

"थांबा," निजलेल्या बाळाजवळ बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या. "शाई वाळू द्या."