मोटरसायकलीचं सुकेळं

वसईकडच्या वटार गावातल्या बागायतदार सोसायटीची मोटरसायकल अठ्ठ्याहत्तर सालच्या थंडीत धापा टाकू लागली. वयाने ती म्हातारी नव्हती. पण तिला सारखं वालीवला जावं लागे, आणि वालीवला तेव्हा कारखाने कमी आणि कारखान्यांची धूळच जास्त होती.

ती चालवायला ऑगस्टीन नावाचा तरुण होता. त्याची नेमणूक 'मोटरसायकल चालेल तोवर' अशी होती. सोसायटीतली बाकीची माणसं कायम होती, मग ती चालोत की न चालोत.

ऑगस्टीनला कायम व्हायची घाई होती, ती सेलिनमुळे. सेलिनचे वडील रुडॉल्फकाका सोसायटीचे चेअरमन. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं की पोरगा चांगला आहे, चर्चमध्ये मिस्साला वेळेवर येतो, पण हंगामी माणसाला दिलेली मुलगी कधी परत येईल त्याचा नेम नाही. नाताळाआधीच्या वार्षिक सभेत ऑगस्टीनचा विषय निघणार होता. तोवर गाडीने तग धरला म्हणजे झालं.

त्याने गाडीच्या कुशीतली डबी उघडली. आत हवा गाळायला स्पंज असतो, त्याला एअर फिल्टर म्हणतात. वालीवच्या औद्योगिक प्रगतीचा निम्मा भाग त्यात अडकलेला होता. नवा फिल्टर मागायला तो सेक्रेटरी प्लासिडभाऊंकडे गेला. प्लासिडभाऊ इतके नियमाचे, की शिंक आली तरी आधी चेअरमनकडे बघत. त्यांनी विचारलं, जुना फाटला का? नाही. हरवला का? नाही. म्हणजे तो आहे, आणि जे आहे ते सोसायटी विकत घेत नाही. धुऊन वापरावा.

सेलिनने आईची नजर चुकवून रेशनचं रॉकेल आणलं. ऑगस्टीनने त्यात स्पंज धुतला, पिळला, वाळवला, त्याला तेलाचा हात दिला आणि जादा तेल निथळावं म्हणून त्याची वळकटी करून सोसायटीच्या अंगणातल्या बुटक्या मांडवावर एका कडेला ठेवली. मग तो चहा प्यायला गेला.

मांडवावर सुकेळी घातलेली होती. राजेळी केळी सोलून उन्हात घालायची, सांजेला गोळा करायची, सकाळी पुन्हा पसरायची, तेव्हा कुठे सुकेळं होतं. मांडवावरचा माल पुरता सुकेपर्यंत कुणीही उचलायचा नाही, असा सोसायटीचा ठराव होता. येता-जाता संचालक तोंडात टाकत, म्हणून तो केलेला. संचालकांनीच तो एकमताने मंजूर केला, कारण प्रत्येकाला वाटलं की तो शेजारच्यासाठी आहे.

चहा पिऊन ऑगस्टीन आला, तर मांडवाची राखण करणारी उर्सुलामावशी आडवी उभी.

"मावशी, तो माझा फिल्टर आहे."

"मांडवावर आहे ते सुकेळं. सुकलं की ये."

"पण ते केळं नव्हतंच कधी."

"ते मी कशाला बघू? मी फक्त सुकतं की नाही ते बघते."

प्रकरण प्लासिडभाऊंकडे गेलं. ते अंगणात आले, चष्मा पुसून वाकले. सुकेळं तपकिरी असावं, मऊ असावं, चिकट असावं. वळकटी तिन्ही बाबतींत उत्तीर्ण झाली. ऑगस्टीन म्हणाला, गाडीत बसवून दाखवतो. प्लासिडभाऊ म्हणाले, त्यासाठी उचलावं लागेल, आणि उचलता येत नाही. उन्हं पुरी झाल्यावर डाग नाही म्हणून वळकटीला पहिली प्रत मिळाली. केळीच्या सुक्या पानात इतर सुकेळ्यांबरोबर तिची मोळी बांधली गेली आणि ती मुंबईला रवाना झाली.

आता तरी नवा द्या, असं ऑगस्टीनने विनवलं. पण फिल्टर हरवला नव्हता, विकला गेला होता. सोसायटी विकलेल्या मालाचं दुःख करत नाही. उलट, सभेआधी गाडीची तपासणी होईल आणि डबी रिकामी आढळली तर जबाबदारी चालवणाऱ्याची, असंही त्याला समजावण्यात आलं.

सेलिनने विहिरीवर सगळं ऐकून घेतलं. ती सोसायटीच्याच घरात वाढलेली. म्हणाली, "तुझा फिल्टर सुकेळं म्हणून गेला ना? मग सुकेळं फिल्टर म्हणून जाईल."

तसंच झालं. प्लासिडभाऊंनी डबीत बोट घातलं. तपकिरी, मऊ, चिकट. "हा काय, आहे की," म्हणाले, आणि शेरा मारला.

सभेच्या दिवशी रुडॉल्फकाका मुंबईहून येणार होते. त्यांना विरार स्टेशनावरून मागे बसवून ऑगस्टीन निघाला. आगाशीपर्यंत गाडी बरी चालली. मग इंजिन तापलं, सुकेळ्याचा पाक आत उतरला, धूरही गोड सुटला, आणि नाक्यावर ती अशी थांबली की पुन्हा म्हणून बोलली नाही. पुढचा रस्ता ऑगस्टीनने ती ढकलली. चेअरमन मागून चालले आणि त्यांच्यामागून मुंग्या.

सभेत प्लासिडभाऊंनी नेमणुकीची अट वाचली. गाडी थांबली, सबब नोकरी संपली. यात कुणाचा द्वेष नाही. बायकांच्या रांगेत सेलिन खाली मान घालून बसली. ऑगस्टीनने गाडीची चावी टेबलावर ठेवली.

तेवढ्यात रुडॉल्फकाका उठले. त्यांचे पाय दुखत होते, तरी चेहरा प्रसन्न होता. मुंबईच्या व्यापाऱ्याचा निरोप त्यांनी सभेला सांगितला. गेल्या मालात एक सुकेळं काही औरच निघालं. गिऱ्हाईक रविवारपासून चघळतंय, अजून संपलेलं नाही. असला टिकाऊ माल वसईतून पूर्वी कधी आला नव्हता. हवा तेवढा पाठवा.

सभा भारावली. जिला गाडीसाठी एक फिल्टर जड झाला होता, तिने त्याच बैठकीत पेटीभर फिल्टर मंजूर केले. या मालाचा अनुभव असलेला माणूस एकच, म्हणून ऑगस्टीनला सुकवणी खात्यात कायम करण्यात आलं. रुडॉल्फकाकांनी तिथल्या तिथे त्याला 'जावई' अशी हाक मारली.

जावयाने धीर करून विचारलं, पेटीतला एक मोटरसायकलीला बसवला तर?

प्लासिडभाऊ दुखावले. "अरे, खाण्याची वस्तू आहे ती," ते म्हणाले.

जानेवारीत लग्न झालं. मोटरसायकल अंगणात गंजत राहिली, पेटीतले फिल्टर पहिल्यासारखेच रॉकेलात धुऊन मांडवावर सुकत राहिले आणि माल मुंबईला जात राहिला. तक्रार एकही आली नाही. पहिल्या घासाला प्रत्येकाला रॉकेलचा वास आला, पण तसं म्हटलं तर आपल्याला अस्सल वस्तूतलं कळत नाही असं ठरेल, म्हणून प्रत्येकाने मान डोलावली आणि उरलेलं पाहुण्यांपुढे ठेवलं. तुमच्याकडेही तेव्हा वसईची सुकेळी येत असत. 'आताच्या सुकेळ्यांना ती जुनी चव नाही' असं तुम्ही परवाच म्हणालात, ते खरंच आहे. तसा स्पंज आता मिळत नाही.