माश्यांची पिठीसाखर

बायकोच्या कामात आपणहून मदत करू नये, हे मला लग्नानंतर कुणीतरी सांगायला हवं होतं. (सांगितलं असेलही. पण सांगणारी बायकोच असणार, म्हणून माझं लक्ष नसेल.)

कुडव्यातल्या आमच्या घरामागे, शेवग्याखाली रविताच्या मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत. यंदा दोन्ही पेट्यांना माइट लागले. माइट म्हणजे माशीच्या अंगाला चिकटून तिला शोषणारे, तिळाहून बारीक तांबूस किडे. माश्या आधीच कमी उरलेल्या. काळजीनं रविताचं जेवणावरून मन उडालं. शेवटी तिला हे काम शिकवणाऱ्या दुलीचंदभाऊंनी फोनवर बजावलं, "वहिनी, कमजोर पेटीले जालीम औषध नोका देऊ. आहेत त्या बी मरतील. पिठीसाखर भुरभुरा. माश्या एकमेकीले साफ करतेत, माइटचे पाय घसरतेत, अन् ते खाली पडतेत. खाली पांढरा कागद ठेवा, म्हंजे दिसतील."

रवितानं साखर दळली, चाळली, पेट्यांखाली पांढरे कागद सरकवले आणि ती बचत गटाच्या मीटिंगला निघाली. "आल्यावर मीच करीन. तुमी पेटीले हात नोका लावू, जी."

मी मान डोलावली आणि ती गल्लीच्या वळणाआड जाताच ठरवलं, हिला सरप्राइज द्यायचं. चाळणी आपटायची, एवढंच तर काम!

तिची जाळीची टोपी माझ्या डोक्यात जाईना. मग माश्या तोंडाशी येऊ नयेत म्हणून मी डोकं लढवलं (ते एरवी पडूनच असतं). टेबलफॅन आणून पाठीमागे लावला, बनियन नि हाफपँटवर स्टुलावर बसलो, पहिल्या पेटीचं झाकण काढलं आणि चाळणी आपटली. पेटीमागे कंपाउंडची भिंत होती. भिंतीवर आपटलेला वारा परत येतो, हे शाळेत शिकवलं असेल तर त्या दिवशी मी गैरहजर होतो. सगळी साखर माझ्या घामेजल्या अंगावर बसली आणि तिचा पाक झाला.

मागोमाग माश्या आल्या. खांद्यावर, पोटावर, पायांच्या बोटांवर, एक तर थेट ओठावर. सगळ्या साखरेत मजेत लोळू लागल्या. मी हललो तर त्या डंख मारणार, आणि डंख मारलेली माशी मरते. आधीच पेटीत मूठभर उरलेल्या! डंख एक वेळ सोसला असता, पण रविताला काय सांगणार होतो? मी श्वाससुद्धा हप्त्यानं घेऊ लागलो.

नेमके तेव्हाच बोदलकशाहून उदाराममामा आले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याशिवाय पाणीही पीत नाही. मामा चष्मा घरीच विसरले होते.

"काऊन रे उमेंद्र, भर दुपारी साबण लावून बसला?"

"हं हं," मी बंद ओठांनी म्हणालो.

"बोलून काऊन नाही राह्यला? राग आला का?"

"हं हं हं!"

"आला म्हंते! अरे, आमच्या टिकेशच्या लग्नात तुले बोलवाचं राहून गेलं, चूक झाली माही. पाया पडतो, मंग तं बोलशील?"

मामा वाकले आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. तिथल्या माश्या शांतपणे त्यांच्या मनगटावर चढल्या. चष्मा नसला तरी एवढ्या जवळून मामांना सगळं दिसलं. ते वाकलेले तसेच थिजले.

रविता परतली तेव्हा नवरा पांढराफटक होऊन स्टुलावर आणि सत्तरीचे मामा त्याच्या पायांशी, असा देखावा होता.

"मामाजी, पाया पडून झालं असंल तं उठा ना जी."

"कसा उठू, बाई?" मामा कुजबुजले.

मग तिनं नीट पाहिलं. "अगं माय! माश्या मेल्या तं नाही ना?"

(माझी चौकशी या क्रमात पुढे कुठे आली नाही.)

तिनं फॅन बंद केला, मऊ ब्रशनं एकेक माशी अलगद पेटीत उतरवली. एकीनंही डंख मारला नाही, एकही मेली नाही. रवितानं मोठा श्वास सोडला आणि खरं सांगतो, मलाही रडू येईल इतकं हायसं वाटलं. मामांना पाणी मिळालं. मग तिनं पेटीखालचा कागद ओढला. कोरा. एकही माइट नाही. तिचा चेहरा पडला. मी खाली मान घातली, तर माझ्या पांढऱ्या बनियनवर तांबडे ठिपके. रवितानं भिंग आणून माझं पोट तपासलं आणि चक्क हसली. एवढ्या वर्षांत माझ्या पोटाकडे बघून ती पहिल्यांदाच खूश झाली होती. लगेच फोन लावला.

"दुलीचंदभाऊ, साखर लागू पडली जी! लय माइट पडले, अन् माशी एक बी मेली नाही. दुसऱ्या पेटीले बी असंच करू. हो, दर हप्त्याले बसवीन ना त्याईले स्टुलावर."

पलीकडून दुलीचंदभाऊंनी काळजीनं काहीतरी विचारलं असावं.

"नाही जी, काही तरास नाही. काही न करता बसून राहाचं, एवढंच तं हाय. ऑफिसात रोज तेच करतेत ते."