महांतप्पांचा चर

साथ कुठलीही असो, ती नेहमी दुसऱ्या गावाहून येते. हे शास्त्रीय सत्य धाराशिवजवळ बेंबळीकडच्या एका गावानं टाळेबंदीच्या सुरुवातीलाच ओळखलं. दक्षता समितीचे अध्यक्ष महांतप्पा यांनी गावात येणाऱ्या एकुलत्या एक रस्त्यावर जेसीबी लावून पुरुषभर खोल चर खणून घेतला. (जेसीबी बाहेरगावचा असल्यामुळं काम होताच त्याला हद्दीबाहेर काढण्यात आलं. ऑपरेटर आपल्या गावी गेला. तिथंही त्यानंच खणलेला चर होता.)

चराचे फायदे लगेच दिसले. विषाणू आला नाही. गरोदर बायकांना तपासणाऱ्या सिस्टरही आल्या नाहीत. त्यामुळं त्या काळात गावातल्या एकाही गरोदर बाईचं रक्त कमी निघालं नाही. (तपासलंच नव्हतं.) असा शंभर टक्के निकाल गावानं आजवर पाहिला नव्हता.

घोळ एवढाच झाला, की पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून महांतप्पांची लेक शिवकांता चराच्या आधीच पुण्याहून आली होती, आणि तिच्या पोटातल्या बाळाला समितीचे नियम कुणी कळवले नव्हते. भर दुपारी कळा सुरू झाल्या.

रुग्णवाहिका चरापलीकडं येऊन थांबली. अलीकडं चौघांनी शिवकांताला बाजेवर आणलं. महांतप्पांनी एकदा लेकीकडं पाहिलं, पण पद ते पद.

"बाहेर गेलेल्याला चौदा दिवस आत घेता येत न्हाय," ते पुटपुटले.

"अवो, काडी लावा तुमच्या समितीला!" त्यांची बायको पार्वतम्मा कडाडली. "पोरगी मरायलीय माजी!"

"अप्पा..." शिवकांता एवढंच म्हणाली, आणि अप्पांचं पद गळून पडलं. मास्क न लावताच ते चरात उतरले. बाज कशीबशी खाली घेतली, पण पलीकडं चढवायला सवडच मिळाली नाही. पलीकडून रुग्णवाहिकेबरोबर आलेल्या दीपमाला सिस्टरनी धाडकन उडी टाकली. "अप्पा, तोंड तिकडं करा अन् चादर धरा!" अप्पांनी चादर धरली आणि ते लहान पोरागत ढसाढसा रडले. मग पाठीमागं एक खणखणीत रडं सुरू झालं. नात झाली होती.

समितीची तातडीची बैठक काठावर झाली. बाळ गावातलं की बाहेरचं? सचिव शांतलिंग यांनी बाळाच्या प्रवासाची माहिती विचारली.

"पुण्याहून आलंय. पोटातनं," पार्वतम्मा म्हणाली.

पुण्याचं नाव निघताच प्रश्न मिटला. दवाखान्यातून परतल्यावर बाळ, बाळंतीण, आजी आणि आजोबा यांना शाळेत वेगळं ठेवायचं ठरलं. शिवाय चर नसता तर पोर उघड्या रस्त्यावर जन्मली असती, म्हणून समितीचं अभिनंदनही झालं.

दीपमाला सिस्टर संध्याकाळी मातीनं माखलेल्या कपड्यांत धाराशिवला घरी पोचल्या, तर सोसायटीचं गेट बंद. दवाखान्यात काम करणाऱ्यांना आत घ्यायचं नाही, असं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारीच एकमतानं ठरलं होतं.

खेड्यातली माणसं अडाणीच, असं मघाशी तुमच्या मनात आलं ना? जरा तुमच्या सोसायटीचा तो जुना ग्रुप उघडून बघा. तुमचा अंगठा अजून तिथंच आहे.