बंगल्यांच्या चौकशीसाठी दातांचा दवाखाना

पेशंटची दाढ अर्धी कोरून झाली होती, तेवढ्यात दवाखान्यातला फोन वाजला. डॉक्टरांनी कोपराने स्पीकरचं बटण दाबलं.

"दरीकडच्या बाजूचा चार बेडरूमचा बंगला शिल्लक आहे का?"

"हा दातांचा दवाखाना आहे," डॉक्टर म्हणाले.

पलीकडचा माणूस हे लिहून घेत असावा. मग समाधानाने म्हणाला, "म्हणजे दवाखानाही आतच आहे. छान."

सकाळपासूनचा हा कितवा फोन, हे मोजणं डॉक्टरांनी केव्हाच सोडलं होतं. खुर्चीतल्या पेशंटने भूल चढलेल्या जिभेने काहीतरी विचारलं. त्यालाही भाव हवा असावा अशी शंका डॉक्टरांना आली, पण त्यांनी खात्री करून घेतली नाही. पुन्हा ड्रिल सुरू केलं.

झालं होतं ते असं. वस्तीमागच्या टेकडीवर आलिशान बंगले उठणार होते. रस्त्यासाठी टेकडीची कड नुसती खणली, तर एका पावसात त्या मातीचा चिखल खालच्या घरांच्या स्वयंपाकघरांत शिरला होता. वस्तीची विहीरही टेकडीतल्याच झऱ्यावर जगत होती. म्हणून वस्तीने विरोध समिती काढली. अध्यक्षपद मेट्रनबाईंकडे गेलं. त्या इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून नोकरीतच होता. दिवसभर उभं राहून दमलेल्या डॉक्टरांचा त्या बैठकीत डोळा लागला आणि जाग आली तेव्हा ते संपर्कप्रमुख झाले होते. दवाखान्यात फोन उचलायला दिवसभर माणूस असतो, असं मेट्रनबाईंचं म्हणणं पडलं. तो माणूस म्हणजे डॉक्टर स्वतःच, हे सांगायचं त्यांच्या जिवावर आलं.

समितीचे फलक छापायचं काम डॉक्टरांच्या मेहुण्याकडे गेलं. वस्तीत फ्लेक्स छापणारा तो एकटाच. बिल्डरचे मोठे फलकही तोच छापत होता. दोन्ही कामं त्याने एकाच दुपारी, एकाच संगणकावर केली आणि मध्ये जेवला. जेवणानंतर खालचे फोन नंबर इकडचे तिकडे झाले. हमरस्त्यावरच्या बंगल्यांच्या जाहिरातीखाली दवाखान्याचा नंबर झळकू लागला. आणि 'टेकडी वाचवा, रविवारी वर चला, नाव नोंदवा' या फलकांवर बिल्डरच्या विक्री कार्यालयाचा.

संध्याकाळी मेहुणा घरी येऊन मान खाली घालून बसला. बिल्डर त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. बोभाटा झाला तर दुकानाला कुलूपच लागणार होतं. त्यात मशीन बंद पडलेलं आणि दुरुस्तीवाला सोमवारी येणार.

"दाजी, सोमवारपर्यंत कुणाला बोलू नका," तो म्हणाला. "तेवढं सांभाळून घ्या."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. तिने भावाच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि डॉक्टरांना निकाल कळला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फोनवर खरं तेच सांगायचं ठरवलं. आपण कोण हे समजावण्यापेक्षा त्यात कमी दम लागत होता. माती सुटते, पाणी नाही, खालच्या लोकांच्या घरात चिखल जातो, असं ते एका हाताने कापूस दाबून सांगत राहिले. लोक जास्तच खूश झाले. एक शांत आवाजाच्या वयस्कर बाई तर म्हणाल्या, की घर विकणारा माणूस इतकं खरं बोलतो हे त्या जन्मात पहिल्यांदा ऐकत होत्या. त्यांच्यासाठी एक बंगला राखून ठेवायचा होता. शेवटी डॉक्टरांनी टेकीला येऊन सगळ्यांनाच सांगितलं, की रविवारी पायथ्याशी या, माझ्याबरोबर चालत वर चला, आणि डोळ्यांनी बघून मग काय ते ठरवा.

इकडे वस्तीतले लोक बिल्डरच्या कार्यालयात फोन करून रविवारी टेकडीवर यायचंय म्हणून नावं देत होते. तिथली मुलगी कामाला चोख होती. किती जण येणार, गाडी कुठे पाठवू, उन्हाचा त्रास होतो का, असं ती आपुलकीने विचारत होती. समितीचा कारभार एवढा सुधारलेला पाहून वस्ती भारावली. मेट्रनबाईंनी तर श्रेयही घेऊन टाकलं.

रविवारी टेकडी पाहायला आणि लोकांचं म्हणणं ऐकायला सरकारी अधिकारी येणार होते. पायथ्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांसमोरून एक गारेगार बस गेली. खिडकीतून मेट्रनबाईंनी हात हलवला. मागे सगळी वस्ती बसली होती. डॉक्टरांनी थांबा म्हणून हात केला. तो निरोपाचा समजून सगळ्यांनीच हात हलवले.

वर मांडव होता, मऊ खुर्च्या होत्या, थंड सरबत होतं. उतरेल त्याच्या डोक्यावर बिल्डरच्या नावाची पांढरी टोपी चढत होती. कुठेतरी घोळ आहे हे मेट्रनबाईंना दुसऱ्या सँडविचला कळलं. तोवर अधिकारी आले. विरोध करणारे लोक कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बिल्डरच्या मॅनेजरने हसून टोप्यांकडे बोट दाखवलं. मेट्रनबाईंनी ताडकन उठून घोषणा दिली. पण तोंडात घास होता, त्यामुळे ते स्वागत वाटलं आणि अधिकाऱ्यांनी हात जोडले.

एवढ्यात मागच्या वाटेने डॉक्टर आणि त्यांची गिऱ्हाइकं वर पोचली. खणलेल्या कडेवरून चालताना एकाचा बूट मातीत गेला होता तो गेलाच होता. शांत आवाजाच्या बाईंनी धाप आवरली आणि मॅनेजरला विचारलं, की इथे पाणी कुठून येणार. खालच्या विहिरीतून, तो म्हणाला.

"ती विहीर खालच्या लोकांची आहे," बाई म्हणाल्या. "आणि ही कड पुढच्या पावसात खाली जाणार. तुमच्याच माणसाने सांगितलं आम्हाला."

"आमचा कोण माणूस?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं.

"मी दातांचा डॉक्टर आहे," डॉक्टर थकून म्हणाले. कुणाचाच विश्वास बसला नाही. बाईंनी जाहिरातीचा फोटो काढून पुढे केला. मॅनेजरने फलकावरचा नंबर वाचला आणि पुन्हा वाचला. अधिकाऱ्यांनी शेरा मारला, की प्रकल्पाच्या प्रतिनिधीनेच धोका मान्य केला असल्याने काम थांबवावं.

टेकडी वाचली. बिल्डरने मेहुण्याचं काम काढून घेतलं आणि डॉक्टरांची बायको नवऱ्याशी जेवढ्यास तेवढं बोलू लागली. अर्धी वस्ती म्हणत होती, डॉक्टर बिल्डरचे दलाल होते म्हणूनच गिऱ्हाइकं घेऊन आले. उरलेली अर्धी काही म्हणत नव्हती, पण दात दाखवायला दुसरीकडे जात होती.

निदान अध्यक्षांना तरी खरं काय ते सांगावं आणि संपर्कप्रमुखपद सोडावं, म्हणून डॉक्टर मेट्रनबाईंकडे गेले. दार उघडंच होतं. आत खोकी बांधलेली होती, भिंती मोकळ्या होत्या.

"घर विकलं," मेट्रनबाई दोरीला गाठ मारत म्हणाल्या. "समोर आता कधीच काही उठणार नाही म्हटल्यावर बाल्कनीला भाव आला. लेकीकडे जाते मी. घेणाऱ्या बाई तुमच्याच ओळखीच्या आहेत. फार शांत बोलतात. तुम्ही इथे राहता, एवढ्यावरच घेतलं त्यांनी."

डॉक्टर बसायला काही शोधू लागले.

"त्यांची एकच अट होती," मेट्रनबाईंनी दोरी दाताने तोडली. "समिती बंद पडता कामा नये. म्हटलं, काळजी करू नका, आता अध्यक्ष डॉक्टरच आहेत."

खुर्च्या आधीच गेल्या होत्या. डॉक्टर एका खोक्यावर टेकले.

"त्यावर नको," मेट्रनबाई म्हणाल्या, "काचेचं आहे."

डॉक्टर उठून उभे राहिले.