कॉलरवाला सज्जन होतो

"आजपासून या हातात कुणाचीही कॉलर येणार नाही!" असं त्याने सकाळी दात घासता घासता आरशाला ठणकावून सांगितलं, आणि तोंडातला सगळा फेस आरशावर उडाला.

बायकोने बाहेरून विचारलं, "कुणाशी भांडताय?"

"भांडत नाहीये! सज्जन होतोय!"

"मग जरा हळू व्हा. शेजारी अजून झोपलेत."

हा माणूस तुम्ही पाहिलाय. नाव आठवणार नाही, कारण ते कुणालाच आठवत नाही. पण शाळेच्या मागच्या भिंतीपाशी बारक्या पोरांचे डबे हिसकावणारा तो, हॉस्टेलच्या जिन्यात नव्या मुलांना उठाबशा काढायला लावणारा तो, आणि नायकाची कॉलर धरून त्याला जमिनीपासून वीतभर वर उचलणारा तोच! पडद्यावर त्याचा हात नुसता वर गेला तरी प्रेक्षक आपापले गळे चाचपायचे. लोक त्याला म्हणायचे, कॉलरवाला.

खरं सांगायचं तर या धंद्यात तो शिरला एका अक्कलदाढेमुळे. ऐन विशीत तो नायकाच्या जिवलग मित्राचं काम मागायला गेला होता. मोठा गोड रोल होता, दोन गाणी, एक रडायचा प्रसंग! पण नेमकी त्याच सकाळी दाढ सुजली. एक गाल फुग्यासारखा, एक डोळा बारीक, आणि ठणका असा की समोरचा माणूस दिसला तरी चावावंसं वाटावं. दिग्दर्शकाने त्याला पाहिलं आणि तो खुर्चीतून उठून ओरडला, "सापडला! शाळेतला दांडगट सापडला!"

दाढ पुढे काढली. रोल काही निघाला नाही.

वय वाढलं तसा तो शाळेतून कॉलेजात गेला, कॉलेजातून कारखान्यात मुकादम झाला, मग ऑफिसात साहेब, आणि आता केस पांढरे झाल्यावर सुनेला छळणारा सासरा. कॉलरी तेवढ्या बदलत गेल्या, हात तोच!

आणि प्रत्यक्षात? प्रत्यक्षात हा गृहस्थ इतका भिडस्त, की शिंप्याने शर्टाची एक बाही लांब शिवली तर तसं सांगायचं सोडून वर्षभर एक हात खाली लोंबकळत ठेवून हिंडला. हॉटेलात गार सूप आलं तर फुंकर मारून प्यायचा, म्हणजे वेटरला वाईट वाटायला नको! पण हे जगाला कुठे ठाऊक? लिफ्टमध्ये तो शिरला की बाकीच्यांना एकदम जिना चढायची हौस यायची.

अशा माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच सज्जनाच्या भूमिकेसाठी बोलावणं आलं होतं. जन्मात कधी आवाज न चढवलेला, सगळ्यांची बोलणी खाणारा एक ग्रंथपाल. दिग्दर्शिका बाई नव्या दमाच्या होत्या. त्यांनी आदल्या दिवशी त्याची ऑडिशन घेतली, वही मिटली आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगलं करताय हो. पण तुम्ही 'माफ करा' म्हणालात, तेव्हा माझा सहाय्यक टेबलाखाली गेला. मला विचार करू द्या. उद्या दुपारपर्यंत फोन करते."

तेव्हापासून याच्या पायाला भिंगरी! हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी. फोन खिशातून काढायचा, बघायचा, ठेवायचा. मग फोन चालू आहे ना ते बघायला बायकोला रिंग द्यायला लावायची. रिंग वाजली की दचकायचं!

"आता मी रिंग देणार नाही," बायको म्हणाली. "आणि बसा एका जागी. फरशी झिजली."

इतक्यात दार वाजलं आणि साडू आत आला. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हा साडू स्वतः आवाजाने भारी आणि छातीने हलका. कुठे भांडायला जायचं असलं की तो कॉलरवाल्याला बरोबर न्यायचा, आणि स्वतः त्याच्या मागे उभा राहून गर्जना करायचा.

"चला!" साडू म्हणाला. "वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममधलं पाणी थेट माझ्या पलंगावर ठिबकतंय! मी उघडी छत्री घेऊन झोपतो! चार वेळा सांगितलं, ढिम्म हलत नाहीत. तुम्ही एक शब्द बोलू नका. फक्त उभे राहा."

"आज नाही जमणार. आज मी सज्जन आहे."

"उद्या व्हा!"

"उद्या नाही, आजच फोन यायचाय!"

"फोन खिशात असतो ना? का घराला बांधलाय?"

यावर बायकोनेच त्याच्या पायापुढे चपला आणून ठेवल्या. "जा हो तुम्ही. तेवढाच माझ्या डोक्याला आराम."

साडूच्या इमारतीचा जिना चढता चढता त्याने त्याला बजावलं, "हे बघा, मी डोळे वटारणार नाही. मी हसतमुख उभा राहीन."

साडूने वळून त्याचं ते हसू पाहिलं आणि कठडा धरला. "अरे बाप रे! हेच ठेवा! हे जास्त भयानक आहे!"

वरच्या शेजाऱ्याने दार उघडलं. समोर कॉलरवाला, हसतमुख! बिचाऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. साडूने अजून तोंडही उघडलं नव्हतं, तोवर तो म्हणाला, "प्लंबरला आत्ता, या क्षणी फोन करतो! हवं तर सगळं बाथरूमच काढून टाकतो! आम्ही बाहेर आंघोळ करू!"

काम फत्ते! कॉलरवाला हुश्श करून वळणार, एवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे रे दारात?"

आणि काठी आपटत शेजाऱ्याची आई बाहेर आली. एवढीशी आजी. उंची कॉलरवाल्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत. चष्मा वर करून तिने त्याला खालून वर न्याहाळलं, आणि काठी त्याच्यावर रोखली.

"तू?" आजी म्हणाली. "काल त्या मुक्या सुनेचा चष्मा पायाखाली चिरडलास! आणि आज माझ्या दारात?"

"आजी, ती मालिका आहे..."

"मालिका आहे म्हणून चष्मा चिरडायचा? ती बोलू शकत नाही, आता बघूही शकत नाही! रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

"मला लेखकाने सांगितलं होतं, आजी."

"लेखक सांगेल ते करशील? उद्या लेखकाने विहिरीत उडी मार म्हटलं तर?"

"म्हटलं होतं. मागच्या सिनेमात मारली मी."

"मग वर कशाला आलास?"

त्याने आधारासाठी मागे पाहिलं. साडू खालच्या जिन्याच्या वळणावर पोचला होता आणि तिथून खुणेने 'चालू द्या, चालू द्या' म्हणत होता. आवाज ऐकून मजल्यामजल्यावरची दारं उघडली. गॅसवर भाजी ठेवून बायका आल्या, दाढीचा साबण चेहऱ्यावर तसाच ठेवून एक गृहस्थ आले. कॉलरवाल्याला झापताहेत, ही बातमी जिन्यावरून वाऱ्यासारखी गेली.

"कान धर!" आजी म्हणाली.

त्याने धरले. काय करणार! आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला!

कान सोडावेत तर आजीची भीती, फोन सोडावा तर ग्रंथपाल गेला! एका हाताने कान धरून दुसऱ्या हाताने तो फोन काढायला गेला. हाताला घाम. फोन सटकला, उंबऱ्यावर आपटला आणि घरंगळत आजीच्या पायाशी गेला. आजीने आधी त्यावर काठी टेकली, जणू झुरळच आहे! मग वाकून उचलला. कुठे बोट लागलं देव जाणे, पण दिग्दर्शिका बाईंचा आवाज सगळ्या जिन्यात घुमू लागला.

"हॅलो! तुमच्या रोलबद्दल बोलायचं होतं."

"कोण बोलतंय?" आजीने दरडावलं.

"मी दिग्दर्शिका. ते आहेत का?"

"आहेत. समोर उभे आहेत, मान खाली घालून. तुम्ही देणार का याला काम? अजिबात देऊ नका! फार वाईट माणूस आहे!"

इतकी वर्षं, इतक्या कॉलरी, आणि आता कुठे एक दार किलकिलं झालं होतं! कॉलरवाला आजीपुढे वाकला.

"आजी, असं नका हो करू! मी वाईट नाही. मला कुणी दुसरं काही करूच दिलं नाही. फोन द्या ना मला. पाया पडतो तुमच्या!"

"आधी त्या पोरीची माफी माग."

"ती इथे नाहीये, आजी."

"मला माग. मी पोचवीन."

त्याने दोन्ही कान नीट धरले, आणि तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. तिला नवीन चष्मा मी करून देईन. पुन्हा नाही असं होणार."

साबणवाल्या गृहस्थांनी डोळे पुसले आणि साबण डोळ्यांत गेल्याने ते आणखीच रडले. फोनमधून बाई म्हणाल्या, "आजी, फोन जरा त्यांच्या तोंडाशी धरा."

आजीने हात उंच करून धरला.

"हे आत्ता जे बोललात," बाई म्हणाल्या, "ते काल ऑडिशनला कुठे होतं?"

"काल आजी नव्हत्या," तो म्हणाला.

"अगदी बरोबर. रोल तुमचा! आणि आजी, आमच्या सिनेमात ग्रंथपालाला घालून पाडून बोलणाऱ्या एक विश्वस्त बाई आहेत. तुम्ही कराल का?"

"माझ्या मालिकेच्या वेळेला मी येणार नाही," आजीने अट सांगितली. "बाकी केव्हाही."

अशी ती आजी सिनेमात गेली. वरच्या बाथरूमचा नळ त्याच दिवशी दुरुस्त झाला आणि साडूने सगळीकडे सांगितलं की आपण नुसते उभे राहिलो तरी कामं होतात!

शूटिंगला मात्र कॉलरवाल्याचे हाल कुत्रा खाईना. आजीला संवाद पाठ करायची गरजच नव्हती, तिला त्याच्याबद्दल मनापासून बोलायचं होतं. 'कट' म्हटलं तरी ती थांबायची नाही. "कट म्हणजे काय? माझं अजून संपलेलं नाही!" कॅमेरा बंद, दिवे बंद, लोक जेवायला गेलेले, आणि हा पुस्तकांच्या कपाटाला टेकून थरथरत उभा! बाई खूष. "काय घाबरता हो तुम्ही! अभिनय वाटतच नाही!" तो म्हणायचा, "नाहीच आहे."

सिनेमा लागला आणि पहिल्याच आठवड्यात थिएटरं भरली. तोही बायकोला घेऊन, तिकीट काढून, गपचूप मधल्या रांगेत जाऊन बसला. ग्रंथपालासाठी काढलेल्या मिशा एव्हाना मालिकेसाठी पुन्हा वाढल्या होत्या, त्यामुळे अंधारात ग्रंथपाल म्हणून ओळखणार कोण? पण चैन कुठलं! पाय हलव, मान वळव, पुढच्याच्या खुर्चीला गुडघे लाव. लोक रडताहेत का, हेच बघायचं होतं त्याला!

आणि शेजारचा गृहस्थ खरंच रडत होता. अगदी रुमालात तोंड खुपसून, हुंदके देत!

"किती सोसतोय हो बिचारा!" तो गृहस्थ म्हणाला. "देवमाणूस आहे! अशी माणसं आता राहिली नाहीत!"

कॉलरवाल्याचा ऊर भरून आला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते हेच! राहवेना. तो हळूच त्याच्याकडे झुकला आणि म्हणाला, "तो... मीच आहे."

तेवढ्यात मध्यंतर झालं आणि दिवे लागले. गृहस्थाने रुमाल बाजूला करून त्याच्याकडे पाहिलं. मिशा पाहिल्या. भुवया पाहिल्या. मग स्वतःच्या बायकोचा हात धरला, पिशवी छातीशी घेतली आणि ताडकन उठून दोन खुर्च्या सोडून पलीकडे बसला.

"लाज नाही वाटत?" तिथून तो गरजला. "जन्मभर दांडगाई केलीत, आणि आता त्या साध्या माणसाचं नाव लावता? अहो, जरा त्याच्याकडे बघा, आणि शिका काहीतरी!"

सगळी रांग वळून बघायला लागली. कॉलरवाला म्हणाला, "बरं."

मध्यंतर संपलं. दिवे गेले. बायकोने त्याचा हलणारा गुडघा हाताने दाबून धरला आणि कानात म्हणाली, "ऐकलंत ना? आता नीट बघा."

आणि तो खरंच, मान पुढे काढून, नीट बघत बसला.